विद्यापीठात लैंगिक छळाची तक्रार आणि गोपनीयता : तक्रारीचा कागद कोणाकोणाच्या हातून जातो?

निरंजना (धागाकर्ती)

एका विद्यापीठाच्या अंतर्गत तक्रार समितीवर मी स्वयंसेवी संस्थेची प्रतिनिधी, म्हणजे बाहेरची सदस्य, म्हणून काम करते. दर वर्षी प्रवेश पूर्ण झाले की विभागवार माहितीसत्रे होतात. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम २०१५ चे असून ते मे २०१६ मध्ये राजपत्रात आले, आणि या समितीला आजही सगळे ‘विशाखा समिती’च म्हणतात, इथपर्यंत सांगून होते. भित्तिपत्रकावरचे ‘आपली ओळख गोपनीय ठेवली जाईल’ हे वाक्य वाचून दाखवले जाते आणि सत्र संपते. मग खुर्च्या आवरल्या जात असताना एखादी मुलगी जवळ येते आणि एवढेच विचारते, “मॅडम, सरांना माझं नाव कळेल का?”

याचे खरे उत्तर ‘हो’ असे आहे, आणि ते भित्तिपत्रकावर कुठेच लिहिलेले नसते. विनियमांनुसार तक्रार आल्यापासून सात दिवसांत तिची प्रत ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला, म्हणजे प्रतिवादीला, द्यावी लागते. त्यानंतर दहा दिवसांत तो आपले उत्तर, कागदपत्रे आणि साक्षीदारांची नावे देतो. आरोप कोणी केला हे सांगितल्याशिवाय कोणालाही उत्तर मागता येत नाही. हा नैसर्गिक न्यायाचा भाग आहे आणि तो तसाच असायला हवा. पण हे त्या मुलीला तक्रार लिहिण्याच्या आधी कळायला हवे, लिहून झाल्यानंतर नव्हे. ‘नाव गुप्त राहील’ एवढेच ऐकून तिने सही केली आणि आठव्या दिवशी विभागात त्या प्राध्यापकाने तिच्याकडे रोखून पाहिले, तर तिचा समितीवरचा विश्वास तिथेच संपतो, आणि पुढची सुनावणी कितीही चांगली झाली तरी तो परत येत नाही.

मग गोपनीयता म्हणजे नेमके काय? २०१३ च्या कायद्याचे कलम १६ याबाबत स्पष्ट आहे. तक्रारीतला मजकूर, तक्रारदार स्त्री, प्रतिवादी आणि साक्षीदार यांची ओळख व पत्ते, समेटाची आणि चौकशीची कार्यवाही, समितीच्या शिफारशी, व्यवस्थापनाने केलेली कारवाई, यांपैकी काहीही जनतेसमोर किंवा प्रसारमाध्यमांत आणता येत नाही. माहितीच्या अधिकाराखालीही ही माहिती मागता येत नाही, कारण कलमाची सुरुवातच ‘माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये काहीही अंतर्भूत असले तरी’ अशा अर्थाची आहे. जबाबदारीच्या पदावरील कोणी हा भंग केला तर सेवानियमांनुसार शिक्षा होते, आणि असे नियम नसतील तर पाच हजार रुपये दंड. एका मुलीचे शिक्षण ज्या भंगामुळे थांबू शकते, त्याची किंमत पाच हजार रुपये ठेवली आहे, ही गोष्ट मला दर वेळी टोचते.

माझा अनुभव असा, की गोपनीयता पत्रकारांमुळे फारच क्वचित फुटते. ती आवक-जावक विभागाच्या टेबलावर फुटते. मुलगी पाकिटावर ‘गोपनीय’ असे लिहून अर्ज घेऊन जाते. तिथे आलेला प्रत्येक टपाल-लखोटा उघडायचा, शिक्का मारायचा आणि नोंदवहीत लिहायचा अशी रीत असते, त्यामुळे तिचाही लखोटा उघडला जातो. ‘विषय’ या रकान्यात ‘अमुक विभागातील डॉ. अमुक यांच्याविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार’ असे सुवाच्य अक्षरात लिहिले जाते आणि ‘कोणाकडून’ या रकान्यात तिचे पूर्ण नाव व वर्ग. नोंदवही दिवसभर काउंटरवर उघडी असते. तिथून अर्ज उपकुलसचिवांकडे, तिथून ‘अवलोकनार्थ’ कुलसचिवांकडे, कुलगुरूंकडे, आणि शेरे घेत घेत समितीच्या अध्यक्षांकडे येतो. तो आमच्या हाती पडेपर्यंत विभागात कोणाला काय माहीत नाही, एवढाच प्रश्न उरलेला असतो. यात कोणाचा दुष्ट हेतू असतोच असे नाही. प्रत्येकाने आपले नेहमीचे काम केलेले असते.

तेव्हा माझे म्हणणे असे आहे, की गोपनीयता हे आश्वासन म्हणून न पाहता तक्रारीच्या कागदाचा रस्ता म्हणून पाहावे, आणि तो रस्ता आखताना तक्रारदाराला विचारात घ्यावे. आपापल्या संस्थेत हे कसे चालते, काय सुधारले, काय अडते, हे इथे लिहावे अशी विनंती. कोणत्याही प्रकरणाची किंवा संस्थेची ओळख पटेल असा तपशील कृपया देऊ नये.

पारिजात

निरंजनाताई, हा विषय मांडल्याबद्दल मनापासून आभार. मी पीएचडी करते, त्यामुळे संशोधक विद्यार्थिनींच्या बाजूने लिहिते.

पदव्युत्तर वर्गात साठ मुले असतात. प्रयोगशाळेत आम्ही पाचजण. ‘एका संशोधक विद्यार्थिनीने तक्रार केली आहे’ एवढे वाक्य बाहेर आले तरी ती कोण हे पाच मिनिटांत ठरते, मग नाव लपवून उपयोग काय? शिवाय आमचे सगळे गाईडच्या सहीवर अडलेले असते. फेलोशिपचा मासिक दाखला, सहामाही प्रगती अहवाल, संशोधन समितीपुढचे सादरीकरण, परिषदेला जाण्याची परवानगी, आणि शेवटी प्रबंध सादर करण्याची शिफारस, या सगळ्यांवर एकाच माणसाची सही लागते. त्यामुळे आमच्यासारखीला नाव फुटण्यापेक्षा सही थांबण्याचीच भीती जास्त वाटते.

माझ्या ओळखीच्या एकीने तक्रार करायची की नाही यावर महिनोन्‌महिने घालवले. तिला कोणाशी तरी बोलायचे होते, पण बोलले की ती आपोआप तक्रार होईल का, हे तिला सांगणारे कोणी नव्हते. विभागातल्या एका मॅडमशी ती बोलली, त्या चांगल्याच होत्या, पण त्यांनी काळजीपोटी विभागप्रमुखांना सांगितले, आणि विभागप्रमुखांनी दोघांना केबिनमध्ये समोरासमोर बसवून ‘आपसात मिटवा’ असे सांगितले. त्यानंतर तिने तक्रार केली नाही. मला विचारायचे आहे ते असे : तक्रार न करता, नुसते बोलण्यासाठी, विद्यापीठात एखादी सुरक्षित जागा कायद्याने आहे का?

कायदेभान

मी वकिली करतो आणि काही महाविद्यालयांच्या समित्यांना सल्ला देतो. पारिजात यांच्या प्रश्नाचे उत्तर थोडे लांबणार आहे.

तक्रार लेखीच लागते. मात्र ज्या स्त्रीला ती लिहिता येत नाही, तिला लिहून देण्यासाठी सर्व वाजवी साहाय्य करणे हे समितीच्या अध्यक्षांचे वा सदस्यांचे कर्तव्य आहे, असे कलम ९ सांगते. म्हणजे समितीच्या सदस्याशी बोलणे ही तक्रार नव्हे. तक्रार सहीनंतर होते. पण सही होण्यापूर्वीच्या बोलण्याला गोपनीयतेचे वेगळे कवच देणारी तरतूद कायद्यात नाही. समुपदेशक आपल्या व्यावसायिक शिस्तीने गुप्तता पाळतात, विभागातील शिक्षकांवर मात्र ती कोणी लादलेली नाही. ही उणीव संस्थेने स्वतःचा नियम करून भरून काढायला हवी, आणि तसे करायला कायद्याची काहीही आडकाठी नाही.

निनावी पत्रावर चौकशी सुरू होत नाही, कारण प्रतिवादीला उलटतपासणी कोणाची घ्यायची हेच कळत नाही. तरीही निनावी पत्र आले म्हणून ते केराच्या टोपलीत टाकावे असे नाही. एकाच माणसाबद्दल तीन पत्रे आली तर संस्थेला त्या विभागात माहितीसत्र घेता येते, एकट्या विद्यार्थिनीला संध्याकाळनंतर केबिनमध्ये न बोलावण्याचा नियम करता येतो, दारांना पारदर्शक काच बसवता येते. या गोष्टींना कोणाचेही नाव लागत नाही.

आता मुदतीबद्दल, कारण गुप्ततेच्या भीतीने वेळ जातो आणि इथेच सर्वांत मोठे नुकसान होते. घटनेपासून, आणि घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांत तक्रार द्यावी लागते. समिती लेखी कारणे नोंदवून आणखी जास्तीत जास्त तीन महिने वाढवू शकते. त्यापुढे समितीचे हात बांधलेले असतात. कोलकात्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील एका अध्यापिकेने तिथल्या कुलगुरूंविरुद्ध केलेली तक्रार याच कारणाने निकाली निघाली. शेवटची घटना एप्रिल २०२३ मधली आणि तक्रार डिसेंबरमधली, म्हणून ती मुदतबाह्य ठरली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये मुदतीचा मुद्दा कायम ठेवला, पण हा निकाल त्या कुलगुरूंच्या व्यक्तिपरिचयात समाविष्ट करावा असाही आदेश दिला. ज्यांना मुदत चुकली असे वाटते त्यांनी हेही लक्षात ठेवावे, की पोलिसांकडे जाण्याचा मार्ग स्वतंत्र आहे, त्याला ही तीन महिन्यांची मर्यादा लागू नाही, आणि तक्रारदाराची इच्छा असेल तर त्या कामी तिला मदत करणे हे कलम १९ नुसार संस्थेचे कर्तव्य आहे.

कुलगुरूंविरुद्ध तक्रार असेल तर ती विद्यापीठाच्या समितीकडे नव्हे, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. हे पुष्कळ जणींना ठाऊक नसते.

एक अपवाद फार महत्त्वाचा आहे. प्रथम वर्षाला प्रवेश घेणाऱ्या कित्येक मुलींना अजून अठरा पूर्ण झालेली नसतात. तिथे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, म्हणजे पॉक्सो, लागू होतो. त्याच्या कलम १९ प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती ज्याला मिळाली त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे, आणि न कळवल्यास तो स्वतः शिक्षेस पात्र ठरतो. अशा मुलीला ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन देणारी शिक्षिका न पाळता येणारे वचन देत असते. म्हणून बोलणे सुरू होताच, पण तपशील ऐकण्याआधी, वय विचारावे आणि ही मर्यादा समजावून सांगावी. मी समित्यांना हे दर वेळी सांगतो आणि दर वेळी निम्म्या सदस्यांना ते नवीन असते.

समुद्रकाठ

मी गोव्याचा. इथे प्रतिवादीच्या हक्काचा विषय आला पाहिजे असे मला वाटते, कारण आमच्याच विद्यापीठातून निघालेल्या एका प्रकरणावर सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी दिलेला निकाल आज देशभर उद्धृत केला जातो.

त्या प्रकरणात २००९ मध्ये विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखाविरुद्ध तक्रारी केल्या. समितीने चौकशी केली, पण ती इतक्या घाईने आणि लागोपाठच्या तारखांना केली की त्या प्राध्यापकाला आपला बचाव मांडण्याची वाजवी संधी मिळाली नाही, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. बडतर्फीचा निर्णय रद्द झाला आणि प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले गेले. म्हणजे चौदा वर्षांनी सगळे पहिल्या पायरीवर आले. त्या विद्यार्थिनी तोवर कुठल्या कुठे गेल्या असतील. त्याच निकालात न्यायालयाने सरकारी यंत्रणा, विद्यापीठे, महाविद्यालये सर्वांना समित्या स्थापन झाल्या आहेत का हे पडताळायला, आणि सदस्यांची नावे व संपर्क संकेतस्थळावर ठेवायला सांगितले.

मला त्यातून जे उमगले ते असे, की प्रतिवादीपासून कागद लपवणे म्हणजे तक्रारदाराचे संरक्षण नव्हे. काही समित्या गोपनीयतेचे कारण सांगून साक्षीदारांचे जबाबच प्रतिवादीला देत नाहीत. त्या क्षणी त्या तक्रारदाराचे प्रकरण न्यायालयात हरवत असतात. ज्याच्यावर आरोप आहे त्याचे नावही चौकशी पूर्ण होईपर्यंत बाहेर येता कामा नये; कलम १६ मध्ये त्याचाही उल्लेख आहे, आणि तो न्याय्य आहे.

निरंजना

समुद्रकाठ, तुमच्या शेवटच्या दोन्ही मुद्द्यांशी मी पूर्ण सहमत आहे. प्रतिवादीला मजकूर मिळालाच पाहिजे. पण मजकूर आणि पत्ता यांत फरक आहे. तक्रार-अर्जाच्या वरच्या कोपऱ्यात मुलगी सवयीने वसतिगृहाची खोली, मोबाइल नंबर, घरचा पत्ता लिहिते, आणि कित्येक समित्या त्याचीच छायाप्रत जशीच्या तशी प्रतिवादीला पाठवतात. आम्ही अर्जाचे दोन भाग केले. पहिल्या पानावर संपर्काचा तपशील, जो समितीच्या बंद पाकिटात राहतो, आणि दुसऱ्या पानापासून घटना, जी प्रतिवादीला दिली जाते. उलटतपासणी आम्ही टाळत नाही. प्रश्न लेखी घेतो, अध्यक्ष ते विचारतात, आणि दोघांना एका खोलीत बसावे लागत नाही. दोघांच्या वेळा वेगवेगळ्या ठेवाव्या लागतात, नाहीतर बाहेरच्या बाकावर दोघे शेजारी बसलेले दिसतात.

पारिजात, सहीबद्दल तू जे लिहिलेस त्यावर विनियमांत थेट उपाय आहे आणि तो फारसा वापरला जात नाही. तक्रारदाराने मागितल्यास, चौकशी चालू असताना प्रतिवादीला तिच्या कामाचे, चाचण्यांचे किंवा परीक्षेचे मूल्यमापन करण्यापासून रोखण्याची शिफारस समिती करू शकते. तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते, आणि ती उपस्थितीत वा अभ्यासात मागे पडणार नाही याची सोय संस्थेने करायची असते. फेलोशिपच्या दाखल्यावर दुसऱ्याची सही चालेल असा आदेशही काढता येतो. मात्र तो आदेश ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढ्याच शब्दांत निघायला हवा. एकदा एका आदेशाच्या संदर्भ-ओळीत समितीच्या बैठकीचा क्रमांक आणि दिनांक छापला गेला होता, आणि तो आदेश विभागाच्या सूचनाफलकावर लागला. नाव कुठेही नव्हते, पण सगळ्यांना कळायला तेवढे पुरले.

तुझ्या मैत्रिणीबाबत विभागप्रमुखांनी जे केले ते कायद्यात कुठेच बसत नाही. समेट होतो तो तक्रार दाखल झाल्यावर, फक्त तिने मागितला तर, समितीमार्फत, आणि पैशाच्या देवघेवीशिवाय. विभागप्रमुखांना त्यात कोणताही अधिकार नाही. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाते आणि विभागप्रमुख यांना समितीचे सदस्य होता येत नाही ही तरतूद याचसाठी आहे.

जावक_लिपिक

मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात आहे. निरंजना मॅडमनी जे लिहिले ते बरोबर आहे, पण आमची बाजूही समजून घ्यावी. कागदाला क्रमांक दिला नाही आणि उद्या ‘माझी तक्रार दडपली’ असे कोणी म्हटले तर जबाब आम्हालाच द्यावा लागतो. आवक क्रमांक आणि शिक्का मारलेली पोच हाच त्या मुलीचाही पुरावा असतो. तीन महिन्यांच्या मुदतीचा प्रश्न आला तर तारीख त्या पोचेवरूनच ठरते. म्हणून ‘नोंद करू नका’ असे सांगू नये.

आमच्याकडे प्राचार्यांनी लेखी आदेश काढला, की ज्या पाकिटावर ‘अध्यक्ष, अंतर्गत तक्रार समिती’ असे लिहिले असेल ते उघडायचे नाही, पाकिटावरच शिक्का मारून क्रमांक द्यायचा, विषयाच्या रकान्यात फक्त ‘बंद लखोटा’ लिहायचे, ‘कोणाकडून’ हा रकाना रिकामा ठेवायचा, आणि पाकीट अध्यक्षांच्या हातात देऊन त्यांची सही घ्यायची. लेखी आदेश असला की आम्हाला काहीच अडचण नसते. तोंडी सांगितलेले पुढचा लिपिक आला की विसरले जाते.

आणखी एक गोष्ट, जी समितीतल्या मोठ्या लोकांच्या ध्यानात येत नाही. मुली अर्ज मोबाइलवर लिहितात आणि गेटबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सॲपवर पाठवून प्रिंट काढतात. ती फाइल त्या दुकानाच्या संगणकावर तशीच पडून राहते, आणि त्याच दुकानात सगळा वर्ग प्रॅक्टिकलची जर्नले छापायला येतो. सुनावणीच्या प्रती काढायला शिपायाला पाठवले तर तोही तिथेच जातो. आम्ही अध्यक्षांच्या खोलीत एक साधा प्रिंटर ठेवला, आणि मुलीने तिथे येऊन हाताने लिहिले तरी चालते असे सूचनाफलकावर लिहिले.

साक्षीदारांना समन्स देतानाही असेच होते. शिपाई चालू तासाला वर्गाच्या दारात उभा राहून ‘आयसीसीनं (म्हणजे अंतर्गत तक्रार समितीनं) बोलावलंय’ म्हणाला, तर उरलेला तास कोणाचेही लक्ष फळ्याकडे राहत नाही. निरोप फोनवर द्यावा, आणि कार्यालयात आल्यावर पत्र हातात द्यावे.

अटलांटिकपार

मी अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात शिकवते. पारिजात यांनी विचारलेल्या ‘सुरक्षित जागे’बद्दल इथली रीत सांगते. इथे शिक्षणसंस्थांतील लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्याखाली प्रत्येक विद्यापीठात एक समन्वयक असतो. विद्यार्थ्याने छळाबद्दल सांगितले तर ते समन्वयकाला कळवण्याचे बंधन बहुतेक विद्यापीठांनी आम्हा प्राध्यापकांवर घातलेले आहे. मात्र समुपदेशन केंद्रातील लोक, आरोग्य केंद्रातील डॉक्टर आणि धर्मगुरू यांना त्यातून वगळलेले असते, आणि कोणाशी बोललेले पुढे जाते व कोणाशी बोललेले जात नाही याची यादी विद्यार्थ्यांना आधीच दिलेली असते. माझ्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावरही ते छापलेले असते. औपचारिक तक्रार न करताही वसतिगृह बदलणे, वर्ग बदलणे, परीक्षेला मुदतवाढ देणे अशा सोयी मिळू शकतात.

इथले सगळे उत्तम आहे असे मुळीच नाही. नियम सरकारागणिक बदलतात. २०२४ ची सुधारित नियमावली ऑगस्टमध्ये लागू झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने रद्द केल्याने २०२० ची नियमावली पुन्हा आली. सक्तीने कळवण्याच्या नियमामुळे विद्यार्थिनी आवडत्या शिक्षकाशीही बोलेनाशा होतात, ही तक्रारही खरी आहे. पण बोलण्याच्या आधी परिणाम सांगणे, एवढी एक गोष्ट तिकडे विनाखर्च करता येईल.

पारिजात

सर्वांनी इतके सविस्तर लिहिले याबद्दल आभार. अजून एक शंका आहे. तक्रार केल्यावर मुलीकडून ‘मी या विषयावर कोणाशीही बोलणार नाही’ अशा हमीपत्रावर सही घेतात. मग तिने आईशीसुद्धा बोलायचे नाही का? आणि काही महिन्यांनी निकाल काय लागला असे विचारले, तर ‘गोपनीय आहे’ असे उत्तर मिळते. तेव्हा ही गोपनीयता नेमकी कोणासाठी आहे, असे वाटू लागते. विद्यार्थिनींनी २०१७ मध्ये समाजमाध्यमावर छळाचे आरोप असलेल्या प्राध्यापकांच्या नावांची यादी प्रसिद्ध झालेली पाहिली, त्यावर पुष्कळ वाद झाले. ती पद्धत योग्य होती असे मी म्हणत नाही, पण समित्यांच्या बंद दारांवर विश्वास असता तर ती यादी निघाली नसती.

कायदेभान

कलम १६ ने मनाई केली आहे ती जनतेला, वृत्तपत्रांना आणि प्रसारमाध्यमांना माहिती देण्याची. आई, मैत्रीण, डॉक्टर, समुपदेशक, वकील किंवा पोलीस यांच्याशी बोलण्याला ते कलम आड येत नाही. सरसकट मौनाचे हमीपत्र कायद्याला अभिप्रेत नाही. असे हमीपत्र पुढे आल्यास तिने ‘कलम १६ च्या मर्यादेत’ एवढे शब्द त्यात हाताने जोडून सही करावी, असे मी सुचवतो. इंग्लंडमध्ये तर तिथल्या विद्यापीठांच्या नियामकाने १ ऑगस्ट २०२५ पासून लागू केलेल्या अटींत अशा मौनाच्या करारांवर बंदीच घातली आहे.

निकालाबाबत तर शंकेला जागाच नाही. चौकशी संपल्यापासून दहा दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि तो दोन्ही पक्षांना मिळायला हवा. तो हातात नसेल तर अपील कशाच्या आधारे करणार? विनियमांत अपिलाला तीस दिवसच आहेत. शिवाय कलम १६ चे परंतुक, म्हणजे त्याला जोडलेला अपवाद, सांगते, की पीडितेची आणि साक्षीदारांची ओळख उघड न करता, न्याय मिळाल्याची माहिती प्रसृत करता येते. म्हणजे ‘या वर्षी इतक्या तक्रारी आल्या, इतक्यांत कारवाई झाली’ एवढे विद्यापीठ खुशाल सांगू शकते, आणि वार्षिक अहवालात ती संख्या देणे बंधनकारकही आहे.

न्यायालयात प्रकरण गेले तरी नाव झाकता येते. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये अशा प्रकरणांत पक्षकारांची नावे निकालपत्रात येऊ नयेत म्हणून तपशीलवार मार्गदर्शक सूचना दिल्या होत्या. त्या निकालाच्या शीर्षकातही पक्षकारांची नुसती आद्याक्षरे आहेत.

निरंजना

पारिजात, तू आईचा उल्लेख केलास म्हणून लिहिते, कारण आमच्या भागात गोपनीयतेचा सर्वांत अवघड प्रश्न तोच आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलींची पहिली अट ‘सरांना कळू नये’ ही असते आणि दुसरी, अधिक कळवळून सांगितलेली, ‘घरी कळवू नका’ ही. तालुक्याच्या गावाहून एसटीने येणाऱ्या मुलीच्या घरी ही बातमी गेली, तर पुढच्या आठवड्यात तिचा पास बंद होतो. वडील रागावतात असे नाही. ते घाबरतात, आणि त्यांच्या मते सर्वांत सुरक्षित उपाय म्हणजे मुलीने घरी राहणे. त्यानंतर स्थळे पाहायला सुरुवात होते. ज्याने छळ केला त्याची नोकरी चालू राहते आणि तिचे शिक्षण संपते, आणि हे सगळे तिच्या भल्यासाठी केले असे प्रत्येकाला मनापासून वाटत असते.

तरीही कित्येक प्राचार्य आणि वसतिगृहाच्या रेक्टर तक्रार येताच पहिला फोन पालकांना करतात. ‘उद्या काही झाले तर आम्हाला विचारतील’ ही त्यांची भीती मी समजू शकते. पण अठरा पूर्ण झालेल्या मुलीच्या बाबतीत तिच्या संमतीशिवाय केलेला तो फोन हा गोपनीयतेचा भंग आहे, असे माझे ठाम मत आहे. आम्ही अर्जात एक ओळ घातली : ‘तातडीच्या प्रसंगी कोणाला कळवावे?’ तिथे तिने मावशीचे नाव लिहिले तर मावशीला, मैत्रिणीचे लिहिले तर मैत्रिणीला. पत्रे घरच्या पत्त्यावर पाठवत नाही. एका मुलीच्या घरी सुनावणीचे रजिस्टर्ड पत्र पोस्टमनने तिच्या काकांच्या हातात दिले होते, तेव्हापासून हे बदलले.

विद्यार्थी सदस्यांबद्दलही कोणी तरी विचारेल म्हणून सांगते. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या स्तरांवरचे तीन निवडून आलेले विद्यार्थी समितीवर असतात. ते हवेतच, प्राध्यापकांना जे कळत नाही ते त्यांना कळते. पण तक्रारदार आणि ते एकाच मेसमध्ये जेवत असतात. म्हणून सुनावणीच्या आधी आम्ही तिला सदस्यांची यादी दाखवतो आणि ओळखीचे कोणी असेल तर त्यांना बाजूला बसायला सांगतो.

जावक_लिपिक

मॅडम, एक शेवटचे विचारायचे आहे. समितीची मुदत तीन वर्षांची. आमच्या आधीच्या अध्यक्षा निवृत्त झाल्या तेव्हा जुन्या तक्रारींच्या फाइल कपाटात होत्या, किल्ली कार्यालयाच्या खिळ्यावर, आणि ईमेल त्यांच्या स्वतःच्या जीमेलवर. आता ते सगळे कोणाच्या ताब्यात असावे?

निरंजना

ईमेलचा पत्ता व्यक्तीच्या नव्हे, पदाच्या नावाने हवा, आणि अध्यक्ष बदलल्या त्याच दिवशी संकेतशब्द बदलायला हवा. संगणक विभागातील कोणाला ती खाती उघडता येतात हेही लेखी विचारून ठेवा. आमच्याकडे विचारले तेव्हा तीन जणांना येत होती, आता एकाला येते आणि त्याच्याकडून कलम १६ ची लेखी जाणीव घेतलेली आहे. जुन्या फाइल मोहोरबंद पाकिटात, बाहेर फक्त प्रकरण क्रमांक आणि वर्ष, अशा रीतीने मावळत्या अध्यक्षांनी नव्या अध्यक्षांना यादीवर सही घेऊन द्याव्यात. किल्ली अध्यक्षांकडे, आणि दुसरी किल्ली बंद पाकिटात कुलसचिवांच्या तिजोरीत.

तुमच्या प्राचार्यांच्या त्या बंद लखोट्याच्या आदेशाचा मसुदा, संस्थेचे नाव काढून, इथे देता आला तर फार उपयोग होईल. पुढच्या बैठकीत तो मी आमच्या विद्यापीठापुढे ठेवते, आणि त्यासोबत तक्रार लिहिण्याआधी मुलीला वाचून दाखवायचे एक पानही : तुमचे नाव प्रतिवादीला कळेल, पत्ता व फोन कळणार नाही, मूल्यमापन दुसऱ्याकडे द्यावे असे तुम्ही मागू शकता, घरी कळवायचे की नाही हे तुम्ही ठरवाल, आणि वय अठराच्या आत असेल तर पोलिसांना कळवणे आम्हाला बंधनकारक आहे. त्या पानाची भाषा कायदेभान यांनी तपासून दिली तर आभारी राहीन.